रविवारची डबी

कव्हर

कव्हर काढलं आणि आत स्टूल निघालं.

पांढरं, प्लॅस्टिकचं, एक पाय किंचित आखूड. त्याच्यावर पाण्याचा रिकामा कॅन, वरून उंची बरोबर वाटावी म्हणून उभा केलेला. ऑक्सिजनचं मशीन जिथे असायला हवं होतं, तिथे हे दोघं अगदी साळसूदपणे उभे होते.

सगळी इमारत त्या एवढ्याशा खोलीच्या दारात गोळा झाली होती. मागे कोणीतरी हसलं. त्याला वाटलं, हाही सरावाचाच भाग. मग त्याची नजर सिस्टरच्या चेहऱ्यावर गेली आणि त्याने हसू गिळलं.

"मशीन कुठंय?" चेअरमन म्हणाले.

सगळे एकमेकांचे चेहरे न्याहाळत होते. बाई मात्र अजून कव्हरकडेच बघत होत्या. वायरमनला ते काढायला चांगलीच खटपट करावी लागली होती. त्याचे खालचे कोपरे तिरके दुमडून, घट्ट, पाकीट बंद करावं तसे आत खोचलेले होते.

चोर घाईत असतो, बाईंच्या मनात आलं. हा चोर नीटनेटका होता.

"या खोलीच्या किल्ल्या दोनच," चेअरमननी आवाज चढवला. "एक सिस्टरकडे. दुसरी कोणाकडे, ते मी सांगायला नको."

वायरमनने हातातलं कव्हर छातीशी धरलं. "साहेब, तोंड सांभाळून बोला."

"तो घेणार नाही," सिस्टर म्हणाल्या. त्या उठल्या, थांबल्या, पुन्हा खुर्चीत बसल्या. "संध्याकाळी सभेत... मी सांगते काय ते."

"सभेत काय सांगणार? सभेत तर या खोलीचाच विषय आहे! ज्या मशीनसाठी खोली अडवून ठेवली तेच नाही म्हटल्यावर उरलं काय? मास्कचे खोके?"

सगळ्यांना कळलं. संध्याकाळी हात वर होणार होते. साथीची खोली राहणार की तिथे व्यायामशाळा होणार, ते ठरणार होतं. आणि खोली गेली की सिस्टरने उभं केलेलं सगळंच हळूहळू जाणार होतं. आधी कपाटं, मग सराव, मग रविवारची डबी.

"चेअरमनसाहेब," बाई म्हणाल्या.

एवढंच. पण चेअरमनचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. शाळेत असताना बाईंनी त्यांना वर्गात बऱ्याचदा उभं केलं होतं, आणि शरीर अशा गोष्टी विसरत नाही.

"संध्याकाळपर्यंत कोणावर आळ घ्यायचा नाही. तोवर मी बघते."

"हो, बाई," चेअरमन म्हणाले, आणि मग आपण चेअरमन आहोत हे त्यांना आठवलं.

त्याआधी

गोष्ट खरी इथून सुरू व्हायला हवी. पण बाई कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान वाचतात, तेव्हा त्यांच्या गोष्टीनेच सरळ का चालावं?

मागच्या साथीत दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा बंद दाराआड गेले आणि इमारतीला ते कळायला उशीर झाला. वाईट कोणीच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, शेजारच्याने विचारलं असेल. त्या एका 'असेल'ने सिस्टरची झोप उडवली. आयुष्यभर इस्पितळाचा वॉर्ड सांभाळलेली परिचारिका. तिच्या राहत्या इमारतीत हे व्हावं?

म्हणून डबी आली. साधी, निळ्या झाकणाची, आत थर्मामीटर. दर रविवारी सकाळी सिस्टर फाटकापाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि डबी बाईंच्या हातात द्यायच्या. बाईंनी जाऊन शेजारची बेल वाजवायची. दार उघडलं की आत जाऊन बसायचं, ताप बघायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. ताप आहे का? दम लागतो का? काही हवंय का? मग त्या घराने डबी घेऊन पुढची बेल वाजवायची. अशी बेलमागून बेल, मजल्यामागून मजला. सर्वांत शेवटी वरच्या मजल्यावरचे चेअरमन खाली यायचे, वाटेत बाईंची बेल वाजवून त्यांना तेच तीन प्रश्न विचारायचे, आणि डबी फाटकापाशी सिस्टरच्या हातात परत द्यायचे.

"झालं? सगळे ठीक?"

"सगळे ठीक, सिस्टर."

"छान."

आत जायचंच, हा नियम होता. "साथ आली की उंबऱ्यावरूनच विचारायचं आहे," सिस्टर सांगायच्या, "तेव्हा आत्ताच आत जाऊन माणसं ओळखून ठेवा. कोणाचा आवाज रोज कसा असतो ते माहीत असेल, तरच तो बदलला की कळेल. उंबऱ्यावर काय, सगळेच ठणठणीत असतात."

आज वर्षाचा मोठा सराव होता. डबी नेहमीसारखी फिरून आली. सगळे खाली जमले, तेव्हा सिस्टरने पिशवीतून जांभळ्या उजेडाचा टॉर्च काढला आणि म्हणाल्या, "हात पुढे करा."

एकच गलका झाला. सगळ्यांचे तळवे हिरवट चमकत होते! सिस्टरने सकाळीच डबीला एक पूड चोळून ठेवली होती. नर्सिंगच्या वर्गात हात धुणं शिकवायला वापरतात ती. एरवी दिसत नाही, या उजेडात लपत नाही.

"हीच समजा साथ," सिस्टर म्हणाल्या. "आता बघा कुठे कुठे पोचली."

गालांवर पोचली होती, चष्म्यांवर, फोनवर, एका बाळाच्या टोपऱ्यावर. चेअरमनच्या तर नाकाचा शेंडाच लखलखत होता. त्यावर जे हसू फुटलं ते बराच वेळ आवरेना.

"हसा. आणि आता जाऊन साबणाने हात धुवा. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या आत. मी शिकवलंय तसे."

नळापाशी झुंबड उडाली, पाण्याचा आवाज झाला, आणि मंडळी ओले हात झटकत मशीन सुरू करून बघायला साथीच्या खोलीपाशी आली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मोटर

बाईंनी उभं आयुष्य परीक्षेच्या खोल्यांत पहारा देण्यात घालवलं होतं. त्यांचं एक तत्त्व होतं: चेहऱ्याकडे बघू नये, हातांकडे बघावं. चेहऱ्याला नाटक जमतं, हातांना जमत नाही.

वायरमनचे हात काळेकुट्ट होते. आपल्या घराच्या गॅलरीत तो तळमजल्यावरच्या पंपाची मोटर उघडून बसला होता. तिचे स्क्रू त्याने एका बशीत काढून ठेवले होते. पंप जळाल्यापासून इमारतीचं पाणी मागच्या अंगणातल्या पंपावर चाललं होतं.

"बाई, तुम्हालाही वाटतं मी नेलं?"

"पेपर तपासल्याशिवाय मी मार्क सांगत नाही. मशीन तू शेवटचं कधी पाहिलंस?"

त्याने पान्हा खाली ठेवला. "पूर्वी दर महिन्याला मीच चालवून बघायचो. पडून राहिलं की त्याच्या आतल्या चाळण्या दमट हवा पितात, मग ऐन वेळी दगा देतं. पण हल्ली सिस्टर म्हणाल्या, तू नको येऊस, मीच बघत जाईन."

"का?"

"मी पण विचारलं, का? म्हणाल्या, तुला कशाला त्रास." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तोंडावर तेवढं बोलल्या, बाई. मला मनातून लागलं. म्हटलं, आपलं काही चुकलं का? मागच्या साथीत त्यांच्या एका शब्दावर मी मध्यरात्री सिलिंडर वाहिलेत. आणि आता त्या माझ्या हातात साधं मशीन देईनात."

"तू नाही विचारलंस पुन्हा?"

"सिस्टरना कोण विचारणार? त्या विचारतात, आपण सांगतो."

बाई उठल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकल्या. हे आत्ता कोणीतरी फार महत्त्वाचं बोलून गेलं होतं. पण काय ते हाताला लागेना.

भिंत

"ताई, तुझ्या पाळणाघरात रविवारीसुद्धा गर्दी?"

"शू! हळू बोला, बाई. आत्ताच डोळे मिटलेत. सरावाला जायचं म्हणून आयांनी आणून टाकलीत."

"आणि सगळी एकदम झोपली? मागच्या वेळी आले होते तर छप्पर उडायचं बाकी होतं."

"जादू झालीय. ती भिंत बघा. तिकडे डोकं करून निजवलं की कसं गार पडतंय एकेक."

"भिंतीत काय आहे?"

"कान लावा ना."

"..."

"ऐकू आलं?"

"आत्ता नाही काही."

"मग बंद झालं असेल. दुपारी बहुतेक लागतं. गुर्र... फुस्स. गुर्र... फुस्स. मी तर कित्येकदा पोरांआधी झोपते."

"कसला आवाज गं?"

"पंप असेल. भिंतीमागे पंपाचीच खोली ना. त्याच्यापलीकडे सिस्टरचं घर, त्यांचं तर पान वाजत नाही."

"हं. पंप."

"बाई, खोली जाणार का हो? मागच्या साथीत माझं दार बंद झालं होतं तेव्हा सिस्टर रोज फोन करून मला एक गोष्ट सांगायच्या. पोरांना सांगते तशी. मी एवढी घोडी झाले तरी."

"चहा टाकतेस का?"

"टाकते. सिस्टर पण हल्ली येत नाहीत चहाला. गुडघे म्हणे."

"माझ्याकडेही येत नाही. जिना नको म्हणते."

"बिस्कीट?"

"दे."

खिडकी

जांभळा टॉर्च बाईंनी सिस्टरकडून मागून घेतला होता. साथीच्या खोलीत अंधार करून त्यांनी तो सगळीकडे फिरवला. कपाटावर काही नाही, कुलपावर वायरमनच्या बोटांचे ठसे, आणि खिडकीच्या चौकटीवर...

बोटं. या टोकाला एक पंजा, त्या टोकाला दुसरा. मग खाली, मग वर. कोणीतरी आजच, डबी हाताळल्यानंतर, ही खिडकी नीट चाचपली होती.

"आत ये," दाराकडे पाठ असतानाच बाई म्हणाल्या.

दारापाशी घुटमळणारे चेअरमन आत आले. त्यांच्या नाकावर अजून हिरवी झाक होती.

"मशीन खिडकीतून काढलंस?"

"बाई! ते मशीन केवढं, खिडकी केवढी!"

"ते तुला कसं माहीत?"

चेअरमननी खिशातून मापाची टेप काढून पुढे केली. पकडल्यावर चिठ्ठी देतात ना, तशी. "गज काढले तर ट्रेडमिल आत येईल का ते बघत होतो. डबी सिस्टरना दिल्यावर बाहेरून, गजांतून हात घालून. दारातून येणार नाही असं कंपनीवाला म्हणाला."

"मत पडायच्या आधीच?"

"चुकलं." ते खोक्यावर बसले. "डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चाला. हृदयाची कुरबुर आहे जरा. बाहेर मैदानात चालायला लाज वाटते हो. चार पावलांत धाप लागते, पोरंटोरं बघतात. म्हटलं, आपलीच बंद खोली असली तर..."

"डबीवाल्याने विचारल्यावर सांगितलंस का? दम लागतो का म्हणून दर रविवारी विचारतात ना तुला?"

"सांगावंच लागतं! खालच्या मजल्यावरचे अण्णा समोर ठाण मांडून बसतात. मी 'नाही' म्हटलं तर म्हणाले, चल, जिना चढून दाखव." चेअरमन हिरमुसून हसले. "त्यांच्यामुळेच तर डॉक्टरकडे गेलो. या इमारतीत काही लपत नाही, बाई."

काही लपत नाही.

मग एवढं मोठं मशीन कसं लपलं?

जिना

बाई टॉर्च घेऊन वरपासून खालपर्यंत निघाल्या. जिन्यात उजेड बेताचाच, शिवाय एक हात आडोशाला धरला की चमक छान दिसायची.

कठडा चमकत होता. लिफ्टचं बटण तर नुसतं पेटलं होतं. चेअरमनच्या दाराची बेल चमकली. अण्णांची चमकली. वायरमनची, त्याच्या शेजारच्या नवराबायकोची, जुळ्यांच्या घरची (खाली अजून दोन छोटे ठिपके, उड्या मारून लावलेले). बाईंची स्वतःची, चेअरमनच्या जाड अंगठ्याने. पाळणाघराची चमकली. बेलमागून बेल, माळेत दिवे लागावेत तशी.

बाईंना क्षणभर चोराचा विसर पडला. डबी कशी गेली ते सगळं भिंतींवर लिहिलेलं होतं. कोणी कोणाच्या दारात उभं राहिलं, कोणी कोणाला विचारलं. आजोबा गेले तेव्हा अशी एक बेल चमकली असती तर?

तळमजला संपत आला. पंपाची खोली. तिच्यापुढे शेवटचं दार.

बाईंनी टॉर्च वर केला.

सिस्टरची बेल कोणी वाजवली

कोणी नाही.

प्रश्नपत्रिका

*(सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक. शेजाऱ्याच्या पेपरात पाहू नये.)*

पहिला. ऑक्सिजनचं मशीन पलंगाशेजारच्या कपाटाएवढं असतं आणि चालू असताना आवाज करतं. ज्या इमारतीत दर रविवारी प्रत्येक घरात कोणीतरी आत जाऊन बसतं, तिथे ते कोणत्या घरात लपेल?

दुसरा. तळमजल्यावरच्या पंपाची मोटर वायरमनच्या गॅलरीत सुटी पडली आहे. तर भिंतीआड गुर्र फुस्स कोण करतं?

तिसरा. चादरीचे कोपरे तिरके दुमडून घट्ट खोचायला कोणत्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात?

चौथा. "जिना नको," "तू नको येऊस," "सभेत... मी सांगते." एखादी व्यक्ती खरं तर गुडघ्याने नव्हे, कशाने थकते, ते एका शब्दात लिहा.

पाचवा, ऐच्छिक. परीक्षकाची सगळ्यात जवळची मैत्रीण इतके दिवस चहाला आली नाही. परीक्षक स्वतः तिच्याकडे का गेली नाही? (याला मार्क नाहीत. उत्तरही नाही.)

बेल

बाईंनी बेल दाबली.

आत काहीतरी घरघरत होतं ते थांबलं. बऱ्याच वेळाने दार किंचित उघडलं.

"काय गं? टॉर्च द्यायला आलीस? दे इकडे." सिस्टरने फटीतून हात बाहेर काढला.

"आत येऊ दे."

"पसारा आहे."

"तुझ्याकडे? पसारा?" बाईंनी दारावर तळवा टेकवला. "ताप आहे का?"

"काय चाललंय तुझं?"

"ताप आहे का?"

"नाही."

"दम लागतो का?"

दाराच्या कडेवरची त्यांची बोटं बाईंनी पाहिली. नखांवर निळसर छटा होती. मग त्या बोटांनी दार सोडलं आणि ते आपोआप उघडलं.

मशीन पलंगाच्या उशाशी होतं. त्याच्या पारदर्शक नळीची नीट गोल गुंडाळी करून उशीवर ठेवलेली. पलंगपोसाचे कोपरे तिरके दुमडलेले, घट्ट.

"हं," सिस्टर पलंगावर बसत म्हणाल्या. "पकडलंस. कर वर्गाबाहेर."

"कधीपासून?"

"मागच्या साथीनेच फुप्फुसं अर्धी करून ठेवलीत. तेव्हा कोणाला बोलले नाही. यंदा जास्त झालं. रात्री लागतंच, दुपारीही थोडा वेळ. डॉक्टरांना माहीत आहे, तेवढी शहाणी आहे मी. स्वतःचं मशीन सांगितलंय. आज येईल, उद्या येईल, चाललंय कंपनीवाल्यांचं. तोवर म्हटलं..." त्या थांबल्या. श्वास जमवला. "पडूनच तर असतं. चाकं आहेत, ढकलत आणलं. सरावाआधी परत ठेवणार होते. काल रात्री ठेवून पाहिलंसुद्धा. नाही जमलं गं त्याच्याशिवाय. पहाटे जाऊन परत आणलं."

"आणि स्टुलाला कव्हर घातलंस. कोपरे खोचून."

"सवय."

"आणि त्या बिचाऱ्या वायरमनवर आळ आला."

"तो येऊ देणार होते का मी? सभेत सांगणारच होते. उभं राहून. सगळ्यांसमोर."

"मला का नाही सांगितलंस?"

सिस्टरने उशीवरची नळी उगीचच सरळ केली. "सांगितलं असतं की ही आजारी, तर तूच म्हणाली असतीस, आता आराम कर. चेअरमन म्हणाला असता, खोली कोण सांभाळणार. डबी कोण सुरू करणार. लोकांना वाटतं, ते सगळं माझ्या अंगात आहे. मी खाली बसले की तेही बसेल. आणि शिवाय..." त्यांचा आवाज बारीक झाला. "चोरीच आहे ही. ते मशीन सगळ्यांसाठी होतं."

बाईंचा पारा एकदम चढला. शाळा सोडल्यापासून इतका कधी चढला नव्हता.

"सगळ्यांसाठी? मग त्या सगळ्यांत तू कुठे आहेस?"

सिस्टरने नळी पुन्हा गुंडाळायला घेतली.

"सांग ना! एवढी मोठी साखळी बांधलीस. बेल न् बेल जोडलीस. आत्ता टॉर्च घेऊन आले मी, लख्ख चमकतेय सगळी इमारत. आणि तुझं दार काळंकुट्ट! या इमारतीत मशीन लपवायला एकच घर होतं, कारण एकाच घरात कोणी विचारायला जात नाही. कोणी बांधली ही साखळी? तू! आणि आम्ही गाढवं दर रविवारी 'सगळे ठीक, सिस्टर' म्हणून डबी तुझ्या हातात देतो. एकाच्याही मनात आलं नाही की ही खुर्चीत बसलेली पण माणूसच आहे. माझ्यासुद्धा."

"अगं, मी तर... डबी माझीच ना. मला वाटलं..."

"वाटलं, कोणीतरी विचारेल?"

"नाही गं." सिस्टरने जरा विचार केला. आणि मग त्यांना हसू आलं, हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता डोळ्यांत पाणी. "खरं सांगू? माझ्या लक्षातच आलं नाही."

बाईंनी मशीनचं बटण शोधून दाबलं. गुर्र. फुस्स. नळी सिस्टरच्या हातात दिली. मग शेजारी टेकल्या, कारण आत जाऊन बसायचं असा नियमच होता.

"तिसरा प्रश्न राहिला," त्या म्हणाल्या. "काही हवंय का?"

सिस्टरने नळी नाकाला लावली. बराच वेळ नुसता श्वास घेतला.

"खोली," त्या म्हणाल्या. "आणि चहा."

सभा

सभेत सिस्टर नव्हत्या. "तुझ्या वतीने मी बोलते, तू इथेच बस," असं बाईंनी बजावलं होतं, आणि त्या इतक्या दमल्या होत्या की चक्क ऐकलं.

बाईंनी सगळं सांगितलं. कव्हर, मोटर, भिंत, बेल. त्या बसल्या. अण्णांनी चष्मा पुसायला काढला. ताई आपल्या मांडीवरच्या बाळाच्या टोपऱ्याशी चाळा करत राहिली. "पंप म्हणे," ती स्वतःशीच पुटपुटली. "मी पोरं निजवत होते त्या आवाजावर."

चेअरमन उठले. आधी वायरमनकडे गेले. "माझं चुकलं, दादा."

"असू द्या, साहेब. नाक पुसा, अजून चमकत असेल."

"विषय पत्रिकेवर आहे, तेव्हा मतदान..." चेअरमननी सुरुवात केली, बाईंकडे पाहिलं आणि हातातला कागद घडी करून खिशात घातला. "मतदान राहू द्या. खोली आहे तशी राहील. पण एकट्या सिस्टरच्या जिवावर नाही. मशीनची काळजी दादा घेतील, आणि सिस्टरचं स्वतःचं येईपर्यंत त्या कंपनीला रोज फोन करून हैराण करतील. हे मशीन सिस्टरकडेच राहील. कपाटं ताईंकडे. सराव बाई घेतील. हरकत?"

"एक मिनिट," वायरमन म्हणाला. "उद्या साथ आली आणि दुसऱ्या कोणाला मशीन लागलं तर?"



"तर शेजारच्या इमारतीकडे एक आहे," ताई म्हणाली. "त्यांच्याकडे सराव नाही, आपल्याकडे आहे. आपण त्यांना डबी शिकवू, ते अडीनडीला मशीन देतील. मी बोलते. त्यांची तीन पोरं माझ्याकडे आहेत, नाही म्हणतीलच कसे?"

"आणि साहेब, तुमची ट्रेडमिल?" अण्णांनी डिवचलं.

चेअरमन लाजले. बाई म्हणाल्या, "त्याला चालायचंच आहे ना? मग रविवारी डबीबरोबर प्रत्येक मजल्यावर हाच जाईल. लिफ्ट नाही, जिन्याने. माणसं विचारतील, हा नुसता सोबत असेल. दम लागला तर ज्या घरात असेल तिथे बसेल. लाज कसली? सगळ्यांना माहीतच आहे."

"आणि डबी शेवटी कोणाकडे?" जुळ्यांच्या आईने विचारलं. "फाटकापाशी?"

इतका वेळ भांडण नव्हतं, ते आता झालं. सिस्टरची बेल आपणच वाजवणार, असं ताईचं म्हणणं, कारण भिंत तिची. वायरमनचं म्हणणं, मशीन बघायला त्याला जायचंच आहे. अण्णा म्हणाले, वयाचा मान म्हणून काही असतं की नाही? आवाज इतके चढले की बाईंना टेबलावर टॉर्च आपटावा लागला.

"पेपर खाली ठेवा! आधी आज तरी जाऊन या. एकेकाने."

पुन्हा टॉर्च

एकेकाने कसले, सगळे एकदमच गेले.

दार उघडंच होतं. सिस्टर नाकाला नळी लावून खुर्चीत बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "या ना आत, उघडं आहे." तरी प्रत्येकाने थांबून, रीतसर, बेल वाजवली. अण्णांनी वाजवली. ताईने बाळाचं बोट धरून वाजवली. जुळ्यांनी उडी मारून वाजवली, मग चुकली म्हणून परत. वायरमनने वाजवली आणि दारातच उभा राहिला. सिस्टरने त्याच्याकडे पाहून फक्त दोन्ही हात पुढे केले, तेव्हा तो येऊन त्यांच्या पायाशी बसला आणि मशीनच्या मागची जाळी बघू लागला. म्हणजे मान खाली ठेवता येते. चेअरमननी सर्वांत शेवटी वाजवली, जरा जास्तच लांब.

"ताप आहे का, सिस्टर?"

"नाही."

"दम लागतो का?"

"लागतो," सिस्टर म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. कोणी हबकलं नाही, कोणी आराम करा म्हटलं नाही. ताई चहा टाकायला गेली.

थोड्या वेळाने गडबड जरा ओसरली तेव्हा बाई सिस्टरच्या कानाशी वाकल्या. "एक गंमत दाखवू?"

मशीनची नळी लांब होती, दारापर्यंत पुरली. बाईंनी पॅसेजमधला दिवा मालवला आणि टॉर्च लावला.

बेल पेटली होती. हिरवीगार, ठशांवर ठसे, बटणाचं बटणपण दिसेनासं झालेलं, भोवतीच्या भिंतीवरसुद्धा बोटंच बोटं. अख्ख्या इमारतीत तितकं काही चमकत नव्हतं.

सिस्टर बघत राहिल्या. मशीनने दोनतीनदा त्यांच्या वतीने श्वास घेतला. बाईंना वाटलं, आता ही रडणार, आणि त्या रुमाल शोधू लागल्या.

सिस्टर वळल्या. घरभर पसरलेल्या गर्दीकडे त्यांनी वॉर्डातल्या जुन्या नजरेने पाहिलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, आणि आवाज असा की वरच्या मजल्यापर्यंत पोचावा, "सकाळी एकानेही साबणाने हात धुतले नाहीत!"

अण्णांनी हळूच आपले तळवे उलटेसुलटे करून बघितले.

"एकाने म्हणून नाही! नुसते ओले करून आलात सगळे! आणि तू गं? पहिला ठसा तर तुझाच असणार. दाखव हात!"

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.